शिक्षण खात्यात आयुष्य घालवलेल्या साहेबांचं स्मारक कसं करावं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातल्या काही माजी विद्यार्थ्यांनी आणि निवृत्त शिक्षकांनी मिळून हा प्रश्न विचारला आहे. त्यांच्या भागात प्राथमिक शिक्षक म्हणून लागलेले, पुढे केंद्रप्रमुख झालेले आणि शेवटी शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेले एक साहेब या पावसाळ्यात वारले. वर्गणी साधारण 5 लाखांपर्यंत जाईल असा अंदाज आहे. कुणी म्हणतं शाळेच्या आवारात अर्धपुतळा बसवू, कुणी म्हणतं गौरवग्रंथ काढू, कुणाला त्यांच्या नावानं दरवर्षी आदर्श शिक्षक पुरस्कार द्यायचा आहे. यातलं काय करावं, कसं करावं आणि कार्यक्रम कधी करावा?

मी याच जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून पस्तीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीनंतर अशा पाच-सहा स्मृती समित्यांवर बसलो. काही समित्यांचं काम आजही चालू आहे, काहींचं पहिल्या पुण्यतिथीनंतर थांबलं. त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या तिन्ही सूचना मनापासून आलेल्या आहेत, पण मला त्या घाईच्या वाटतात. पैशाचा विषय दोन महिने बाजूला ठेवा आणि आधी साहेबांनी नेमकं काय केलं ते गोळा करा.

हे आधी का सांगतो? शिक्षण खात्यातल्या माणसाचं काम डोळ्यांना दिसत नाही. आमदारानं रस्ता केला तर कोनशिला बसते, डॉक्टरनं जीव वाचवला तर पेशंट आयुष्यभर नाव घेतो. विस्तार अधिकारी मात्र एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातो, वर्गात मागच्या बाकावर बसतो, मुलांकडून वाचून घेतो, गुरुजींशी बोलतो, लॉगबुकात शेरा लिहितो आणि निघून जातो. त्यानं वाचायला लावलेला पोरगा पुढं इंजिनियर होतो, तेव्हा त्याला वर्गशिक्षक आठवतात. हे साहेब आठवत नाहीत, आणि त्यात पोराची चूक नाही.

म्हणून पहिलं काम लॉगबुकं शोधण्याचं. आपल्याकडं कुणी त्याला शेरेबुक म्हणतं, कुणी भेटपुस्तक. साहेबांच्या बीटातल्या, म्हणजे त्यांच्या देखरेखीखालच्या, प्रत्येक शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना जुनी लॉगबुकं दाखवायला सांगा. बहुतेक ठिकाणी ती कपाटाच्या तळाशी, जनरल रजिस्टरांच्या खाली असतात. काही शाळांत नवीन वर्गखोली बांधताना जुनं सामान हलवलं, त्यात ती ओल लागून खराब झालेली असतील. मोबाइलवर पानन्‌पान फोटो काढा. मूळ वही शाळेतून बाहेर नेऊ नका, ती शाळेची आहे.

एका स्मृती समितीसाठी मी अशी पंधराएक शाळांची लॉगबुकं पाहिली होती. ज्या साहेबांसाठी आम्ही जमलो होतो, ते माझ्या नोकरीच्या सुरुवातीला माझे वरिष्ठ होते. मला ते कडक आणि कमी बोलणारे म्हणून ठाऊक होते. लॉगबुकात वेगळाच माणूस भेटला. एका वाडीवरच्या शाळेत त्यांनी तिसरीतल्या चार मुलांची नावं लिहून ती वाचत नसल्याची नोंद केली होती. पुढच्या भेटीच्या शेऱ्यात त्यातली तीन वाचू लागल्याचं लिहिलं होतं, आणि चौथ्याच्या घरी जाऊन आल्याचंही. तिसऱ्या भेटीत चौथाही वाचतो, एवढंच एक वाक्य. तीन शेरे, दीड वर्ष, चार पोरं. हे मी समितीत वाचून दाखवलं तेव्हा पुतळ्याचा आग्रह धरणारे सगळ्यांत मोठे देणगीदारही गप्प झाले. साहेबांचं सगळं आयुष्य त्या तीन शेऱ्यांत होतं आणि ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच वेळी त्यांच्या बरोबरीच्या लोकांना भेटा. आता ते सत्तरी-पंचाहत्तरीच्या पुढं असतील. बोलताना मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, पण त्यांना विचारून. साहेब कसे होते, असं विचारू नका. फार चांगले होते, देवमाणूस होता, एवढंच उत्तर मिळेल. नेमकं विचारा. तुमच्या शाळेत ते पहिल्यांदा कधी आले? कशावरनं आले, सायकलवरनं की एसटीनं? कुणाची बदली थांबवली, कुणाची केली? कुठल्या गावात पोरींची शाळा सुटत होती, तिथं त्यांनी काय केलं? कशावरनं भांडण झालं? भांडणाचा प्रश्न जरूर विचारा. ज्या अधिकाऱ्याचं कुणाशीच कधी वाजलं नाही, त्यानं फारसं काही केलेलंही नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमचा तालुका भुदरगड, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गारगोटीला गेल्यावर मौनी विद्यापीठावरून तुम्ही शेकडो वेळा गेला असाल. पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव घेतलेली ही संस्था उभी करण्यात डॉ. जे. पी. नाईक यांचा मोठा वाटा होता. नाईकांचा जन्म शेजारच्या आजरा तालुक्यात, बहिरेवाडीत, 1907 साली झाला. पुढे 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. दहा अधिक दोन अधिक तीन, म्हणजे दहावी, बारावी आणि मग तीन वर्षांची पदवी, हा आराखडा, राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी ही शिफारस, जवळजवळच्या शाळांनी एकमेकींना धरून चालावं ही शाळासंकुलाची कल्पना, हे सगळं त्या अहवालातलं. आपल्या केंद्रशाळा त्याच विचाराच्या नात्यातल्या. आयोग ओळखला जातो अध्यक्ष दौलतसिंग कोठारींच्या नावानं, आणि ते बरोबरच आहे. पण सचिव म्हणून अहवालामागं राबणारा माणूस आपल्या डोंगरातल्या एका खेड्यातला होता, हे आजऱ्यातल्या किती पोरांना ठाऊक आहे? 1981 साली ते गेले. त्यांचं नाव पुण्यात कोथरूडच्या एका रस्त्याला आहे. त्या रस्त्यावरनं रोज हजारो लोक जातात आणि पाटी वाचून पुढं होतात. गारगोटीत मात्र पोरं शिकतात. तुम्हाला साहेबांसाठी यातलं काय हवंय, ते तुम्हीच ठरवा. माझं मन कुठं आहे ते तुम्हाला कळलंच असेल.

कोल्हापुरातला दसरा चौकही डोळ्यांसमोर आणा. मधोमध शाहू महाराजांचा पुतळा आणि आजूबाजूला बोर्डिंगं. महाराजांनी 1901 पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढायला सुरुवात केली. त्या बोर्डिंगांच्या भिंती आजूबाजूला आहेत म्हणून मधल्या पुतळ्याला अर्थ आहे. 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. पोर शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला होता. हा हुकूम सगळ्यांना ठाऊक आहे. पण गावोगाव पोरांच्या याद्या करणारे, चावडीत नाहीतर देवळात वर्ग भरवणारे, दंड कुणाला लावायचा आणि कुणाला समजावून सांगायचं हे ठरवणारे जे कारकून, गुरुजी आणि तपासनीस होते, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. तुमचे साहेब त्याच रांगेतले. म्हणूनच तुम्ही त्यांना मान द्यायला निघालात याचा मला मनापासून आनंद आहे. या खात्यातल्या लोकांना फार कमी वेळा असा मान मिळतो.

आता पुतळ्याचं. पुतळा बसवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जागेचा ठराव, कलाकृतीची मान्यता, कायमस्वरूपी देखभालीची हमी, यात वर्ष सहज जातं. शाळेचं आवार जिल्हा परिषदेचं असेल तर तिथून वेगळी मंजुरी घ्यावी लागते. पण माझी खरी हरकत कागदपत्रांना नाही. दहा वर्षांनी त्या शाळेतल्या पोराला तो चेहरा कुणाचा हे सांगणारं कुणी उरलं नाही, तर त्या अर्धपुतळ्यावर फक्त 26 जानेवारीला हार चढतो. हे मी दोन ठिकाणी पाहिलं आहे आणि दोन्ही वेळा वाईट वाटलं.

शाळेला किंवा सभागृहाला नाव देण्याचा विचार आलाच, तर आधी गावात नीट चौकशी करा. ही जागा कुणी दिली होती? एका गावात ग्रामसभेचा ठराव झाला, पाटीचं पेंटिंगही झालं. मग कळलं की पन्नास वर्षांपूर्वी शाळेला जमीन देणाऱ्या घराण्यानं तेव्हा नावाचा शब्द घेतला होता. दोन घरांत वितुष्ट आलं. ज्यांच्या नावासाठी हे सगळं चाललं होतं ते साहेब आयुष्यभर गावातली भांडणं मिटवत आले होते. त्यांच्या बायकोनं शेवटी निरोप पाठवला की आमचं नाव नको, शाळा चालू द्या.

आदर्श शिक्षक पुरस्काराबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. आपल्याकडं शासनाचे, जिल्हा परिषदेचे, संघटनांचे, संस्थांचे पुरस्कार आहेतच. बहुतेक ठिकाणी शिक्षकानं स्वतःच अर्ज करायचा, फोटो आणि कात्रणांची जाडजूड फाईल जोडायची. चांगला शिक्षक त्या फाईलच्या वाटेला जात नाही. तुम्ही आणखी एक पुरस्कार सुरू केलात तर पहिल्या वर्षी योग्य माणूस मिळेल, तिसऱ्या वर्षी कुणाचा तरी फोन येईल, पाचव्या वर्षी संघटनांची वाटणी होईल. साहेबांचं नाव त्या ओढाताणीत घालू नका. सत्कार करायचाच असेल तर वाडीवर, धनगरवाड्यावर एकट्यानं शाळा सांभाळणाऱ्या शिक्षकाकडं तुम्ही स्वतः जा. अर्ज मागवू नका. शाळेत बसा, पोरांचं वाचन ऐका आणि साहेबांच्या नावानं शाळेला पुस्तकं देऊन या. शिक्षकाचा याहून मोठा सत्कार मला माहीत नाही.

मग पैशाचं काय? 5 लाख रुपये ठेवले आणि व्याज 7 टक्क्यांच्या आसपास धरलं, तर वर्षाला 35,000 रुपये हाती येतात. व्याजदर खालीवर होतो, म्हणून 30,000 चाच हिशेब धरा आणि बाकीचे मुद्दलात घाला. या रकमेची तीस बक्षिसं करून प्रत्येकी 1,000 वाटली, तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही. एकच नेमकं काम धरा, आणि ते साहेबांच्या लॉगबुकातूनच शोधा. ते ज्या गोष्टीसाठी आयुष्यभर तळमळले, तिथंच पैसे लागू दे.

उदाहरण देतो. आपल्या डोंगराळ भागात सातवी झालेली मुलगी पुढच्या वर्गासाठी हायस्कूलला जायचं म्हटलं की वाट अडते. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण वाडीवर एसटीच येत नाही, किंवा येते ती शाळेच्या वेळेला नाही. मग वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप. रोजचं भाडं घरातून निघत नाही आणि पोरगी शेतात जायला लागते. आमच्या एका समितीनं अशा सात मुलींच्या वडापचं भाडं भरलं. जीपवाला गावातलाच, त्याच्याशी महिन्याचा ठराव केला, पैसे मुलींच्या हातात न देता थेट त्याला दिले. कुणाला वाटेल की यात साहेबांचं नाव कुठं आलं? त्या मुलींच्या आयांना नाव पाठ आहे. तेवढं पुरे आहे.

तुमचे साहेब वाचनाच्या मागं लागणारे असतील तर तीन शाळा निवडा आणि दरवर्षी त्यांना गोष्टींची पुस्तकं द्या. कपाटात ठेवायला नकोत, दोरीवर लटकवायला, पोरांनी हाताळून फाटायला द्या. पुस्तकं फाटली तर चांगलं झालं म्हणायचं, पुढच्या वर्षी नवी द्यायची.

पैसे कुठं ठेवायचे याकडं फार बारकाईनं बघा. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक इथंच झाली. आम्ही एका दिवंगत मुख्याध्यापिकाबाईंच्या नावानं जमा झालेली रक्कम जास्त व्याज मिळतं म्हणून एका पतसंस्थेत ठेवली. संचालक ओळखीचे होते. चार वर्षांनी व्यवहार थांबले. पैसे कधी परत मिळतील हे सांगणारं कुणी नव्हतं. आम्ही ज्यांच्याकडून शंभर-शंभर रुपये घेतले होते त्या बायका मला बाजारात भेटायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. ते न बोलणं मला अजून सलतं. म्हणून सांगतो, ठेव बँकेतच ठेवा. बँकेच्या ठेवींना, सहकारी बँक असली तरी, 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं. व्याजाचा एक-दीड टक्का सोडून द्या.

खातं कुणाही एका माणसाच्या नावावर काढू नका, तो कितीही विश्वासाचा असला तरी. तुमच्यापुढं दोन वाटा आहेत. रक्कम मोठी असेल आणि वर्षानुवर्षं काम करायचं असेल तर सहायक धर्मादाय आयुक्तांकडं न्यासाची नोंदणी करा. मग दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, बदल अर्ज द्यावे लागतात. हे करायला दोन चिवट माणसं समितीत असतील तरच या वाटेला जा. नाहीतर आधीच नोंदणी असलेल्या एखाद्या शिक्षणसंस्थेकडं किंवा सार्वजनिक वाचनालयाकडं ठेव सोपवा आणि व्याज कशावर, कुणी, कसं खर्च करायचं याचा लेखी ठराव त्यांच्याकडून करून घ्या. एकाच शाळेपुरतं काम असेल तर शाळा व्यवस्थापन समितीला विश्वासात घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. आयाही असतात, त्यांना बोलू द्या. शाळेला खरंच काय हवंय ते त्यांना चांगलं ठाऊक असतं.

गौरवग्रंथाबद्दल माझं मत बदललं आहे. पूर्वी मी त्याच्या विरोधात होतो, कारण तीनशे पानांत ऐंशी पानं जाहिराती आणि शंभर पानं शोकसंदेश. आता म्हणतो, पुस्तक काढाच, पण साठ-सत्तर पानांचं. लॉगबुकातले निवडक शेरे तारखेसह, शाळेच्या नावासह. सहकाऱ्यांच्या मुलाखतींतला नेमका भाग. सेवापुस्तकावरून नोकरीचा कालक्रम, कारण आठवणीत वर्षं इकडची तिकडं होतात. आणि एक काळजी घ्या. शेऱ्यात ज्या मुलाचं किंवा शिक्षकाचं नाव कमीपणा येईल अशा तऱ्हेनं आलं असेल, ते छापू नका. तो मुलगा आज त्याच गावात आहे, त्याची पोरं त्याच शाळेत आहेत.

अतिशयोक्ती तर अजिबात नको. एखाद्या शाळेचा पट वाढला तर त्यात गुरुजी होते, सरपंच होते, आया होत्या. साहेबांनी एकट्यानं तालुका सुधारला असं लिहिलंत तर त्यांच्याबरोबर राबलेली माणसं तो ग्रंथ मिटून ठेवतील. साहेबांनी स्वतः असं कधी म्हटलं असतं का, एवढंच प्रत्येक पानावर विचारा. छापून झाल्यावर एक प्रत कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराला द्या, एक शिवाजी विद्यापीठाच्या बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाला. करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं आहे. तिथं ठेवलेलं पुस्तक आपल्या सगळ्यांनंतरही सापडेल. लॉगबुकांचे फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन दोन वेगवेगळ्या घरी ठेवा.

कार्यक्रम कधी करायचा हेही विचारलं आहे. पुण्यतिथीचा हट्ट नको. त्या दिवशी परीक्षा असेल, सुट्टी असेल, मुसळधार पाऊस असेल. जूनमध्ये शाळा उघडल्यावरचा एखादा दिवस धरा, नवी पोरं दाखल होत असतात. 26 जूनला शाहू जयंती असते, त्याच आठवड्यात एक सकाळ. भाषणं दोनच. 6 मे 2022 रोजी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी 10 वाजता कोल्हापूर 100 सेकंद जागच्या जागी थांबलं होतं, आठवतं ना? कुणी भाषण केलं नाही, तरी त्या दिवशी रस्त्यावर उभं राहिलेला माणूस ते विसरणार नाही. कार्यक्रम छोटा असला म्हणून मान कमी होत नाही.

शेवटी, जे खरं तर सगळ्यांत आधी करायला हवं. साहेबांच्या घरी जा. तुमच्यापैकी जे त्यांचे विद्यार्थी आहेत त्यांनी काकूंच्या शेजारी बसून बोला. साहेब संध्याकाळी सात-आठला घरी यायचे, रविवारी शिक्षक गाऱ्हाणी घेऊन दारात असायचे, त्या सगळ्यांचा चहा कुणी केला? मुलांचा अभ्यास कुणी घेतला? आमच्या खात्यातल्या किती माणसांची नोकरी घरातल्या बाईच्या जोरावर झाली, हे आम्हाला निवृत्तीनंतर कळतं. पुस्तकात काकूंचं बोलणं त्यांच्याच शब्दांत घ्या. त्यांना काय नको आहे तेही विचारा आणि ते ऐका.

आणि घरातल्या डायऱ्यांबद्दल हळूच चौकशी करा. विस्तार अधिकाऱ्यांना दौऱ्याची डायरी लिहावी लागायची, बऱ्याच जणांनी स्वतःची एक प्रत ठेवलेली असते. सामान आवरताना असल्या वह्या रद्दीत जातात. दिवाळीची साफसफाई जवळ आली आहे, तेव्हा बाकी सगळं मागं राहिलं तरी चालेल, पण हा फेरा या आठवड्यातच करा.